घड्याळाने भरवायचे की भुकेने?

पनवेलहून सुटलेली सकाळची लोकल खांदेश्वर, मानसरोवर करत खारघरला थांबते, तेव्हा उतरणाऱ्यांत रिपोर्टांच्या जाड फाइली छातीशी धरलेली माणसे हमखास दिसतात. कुठे जायचे हे रिक्षावाल्याने विचारायची गरज नसते. ‘खारघरचे टाटा’ म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग-केंद्र. नवीन पनवेलमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ते दोन-तीन स्टेशनांवर, पनवेल महानगरपालिकेच्याच हद्दीत. याच आवारात जून २०२१ मध्ये देशातला पहिला कार-टी पेशी-उपचार एका रुग्णाला दिला गेला.

त्या उपचाराची बातमी सर्वांनी वाचली. त्यामागचा एक प्रश्न मात्र क्लीनरूमच्या दाराबाहेर फारसा आला नाही. गोळ्यांच्या कारखान्यात तो उद्भवतच नाही, कारण गोळीला भूक लागत नाही. कार-टी हे जिवंत पेशींचे औषध आहे. ते तयार होत असताना आठवडा-दीड आठवडा त्याला खाऊपिऊ घालावे लागते. किती, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून? ठरलेल्या दिवशी ठरलेले माप ओतायचे, की पेशींची अवस्था सतत पाहून त्याप्रमाणे खाणे कमी-जास्त करायचे? पेशी-उपचारांच्या उत्पादनात सध्या गाजत असलेल्या या वादाचा हा आढावा.

एका बॅचची वाटचाल

रुग्णाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या जातात. त्यातल्या टी पेशी निवडून त्यांना ‘जागे’ केले जाते. प्रतिपिंडे लावलेल्या सूक्ष्म मण्यांचा स्पर्श होताच त्यांना शत्रू समोर असल्याचा संकेत मिळतो आणि त्या विभाजनाला लागतात. मग निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून एक नवे जनुक त्यांच्यात सोडले जाते. त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक उगवतो आणि तो कर्करोगग्रस्त बी पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखतो. यानंतर येतो वाढवण्याचा टप्पा. शेवटी धुणे, गोठवणे, तपासण्या आणि द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यात रुग्णालयापर्यंतचा प्रवास.

आयआयटी मुंबईतील राहुल पुरवार यांची प्रयोगशाळा, टाटा मेमोरियलचे गौरव नरुला, हसमुख जैन आदी डॉक्टर आणि इम्युनोॲक्ट ही आयआयटीत जन्मलेली कंपनी यांनी मिळून घडवलेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटोलॉजी’त आलेल्या निष्कर्षांत ६४ रुग्णांचा समावेश होता आणि मूल्यमापन करता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना गुण आला.

वाढवण्याच्या टप्प्यावर इतका वाद का, हे आकड्यांनी चटकन कळते. समजा, मात्रा किलोमागे ५० लाख पेशींची आहे आणि रुग्ण ५० किलोंचा आहे. म्हणजे जनुक बसलेल्या पेशी किमान २५ कोटी हव्यात. जनुक सगळ्या पेशींत बसत नाही, तपासण्यांना काही पेशी खर्ची पडतात, गोठवून वितळवताना काही मरतात. त्यामुळे वाढवायच्या पेशी याच्या काही पट होतात. एवढे सगळे घडते ते शे-दोनशे मिलिलिटरपासून लिटर-दोन लिटरपर्यंतच्या बॅगेत. शिवाय एक बॅच म्हणजे एक माणूस. बॅच वाया गेली तर गोदामातून दुसरी काढता येत नाही, आणि केमोथेरपीने थकलेल्या रुग्णाकडून पेशी पुन्हा मिळतीलच असेही नाही.

पिंपरीपासूनचा अनुभव

जिवंत पेशींना बेताने खाऊ घालण्याची कला औषध उद्योगाला नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पावाचे यीस्ट करणाऱ्यांच्या लक्षात आले होते की सगळी मळी एकदम ओतली तर यीस्ट वाढण्याऐवजी दारू करत बसते. म्हणून ते मळी थोडी थोडी सोडू लागले. पेनिसिलीनच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक ठळक झाली. भरपूर ग्लुकोज मिळालेली बुरशी फोफावते, पण पेनिसिलीन कमी करते. तिला जरा उपाशी ठेवत साखर संथपणे दिली की उत्पादन चढते. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने पुढच्याच वर्षी पेनिसिलीन काढायला सुरुवात केली. भारतीय किण्वन उद्योगाची एक अख्खी पिढी तिथल्या टाक्यांवर घडली. ‘वाढीसाठी भरवणे’ आणि ‘कामासाठी भरवणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा पेनिसिलीनचा धडा पुढे लागणार आहे.

प्रतिपिंड औषधांच्या कारखान्यांनी हे तंत्र आणखी पुढे नेले. तिथे हजारो लिटरच्या टाक्यांत हॅमस्टरच्या पेशी वाढतात. टाकीत बुडवलेले संवेदक साखर, आम्लता, प्राणवायू मोजतात आणि पंप त्याप्रमाणे चालतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २००४ मध्ये प्रक्रिया चालू असतानाच गुणवत्ता मोजण्याच्या तंत्रांना प्रोत्साहन देणारी मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा असा: कच्चा माल बदलता असेल तर प्रक्रियाही बदलती हवी, म्हणजे निघणारा माल सारखा राहील.

मग हेच तंत्र पेशी-उपचारांत उचलून का आणता येत नाही? हॅमस्टरच्या पेशी एकाच बँकेतून निघालेल्या, वर्षानुवर्षे ओळखीच्या असतात. इथे प्रत्येक बॅगेतल्या पेशी वेगळ्या माणसाच्या. त्या कारखान्यांत पेशी हे साधन, औषध ती पाझरवते. इथे पेशीच औषध. आणि दहा हजार लिटरच्या टाकीतून रोज दहा मिलिलिटर नमुना काढला तर काही बिघडत नाही. दोनशे मिलिलिटरच्या बॅगेतून तसे केले तर आठवड्यात औषधाचा चांगलाच हिस्सा चाचणीतच संपतो, आणि प्रत्येक वेळी जंतुसंसर्गाचे एक दार उघडते.

पेशी काय खाते, काय मागे ठेवते

जागी झालेली टी पेशी साखर अधाशासारखी खाते. प्राणवायू असूनही ती ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचे लॅक्टेट करते. १९२० च्या दशकात ऑटो वॉरबुर्ग यांनी कर्करोगाच्या पेशींत पाहिलेली ही सवय वेगाने वाढणाऱ्या निरोगी टी पेशींतही असते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टेटचे जास्तीत जास्त दोन रेणू होतात. आरपीएमआय-१६४० या जुन्या, सर्वपरिचित माध्यमात (म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात) लिटरमागे २ ग्रॅम, म्हणजे सुमारे ११ मिलीमोल ग्लुकोज असते. ते सगळे संपले तर लॅक्टेट २२ मिलीमोलच्या आसपास पोहोचू शकते. सोबत आम्लता वाढते. ग्लुटामाइनमधून अमोनिया साचतो. इंटरल्यूकिनसारखे वाढीचे संकेत देणारे रेणूही वापरले जातात आणि कालांतराने विरतात.

ठरलेल्या वेळापत्रकाचे काय होते, ते दोन बॅगा शेजारी ठेवून पाहू. दोन्हींत २०० मिलिलिटर माध्यम आणि १० कोटी पेशी, म्हणजे मिलिलिटरमागे ५ लाख. पहिल्या रुग्णाच्या पेशी दिवसाला दुप्पट होतात, दुसऱ्याच्या दोन दिवसांनी. कार्यपद्धतीच्या कागदावर लिहिले आहे: ४८ तासांनी २०० मिलिलिटर माध्यम घालावे. त्या वेळी पहिल्या बॅगेत ४० कोटी पेशी आहेत, दुसरीत २०. माध्यम घातल्यावर पहिलीत मिलिलिटरमागे १० लाख उरतात, दुसरीत ५ लाख. आणखी दोन दिवसांनी पहिलीत ही दाटी ४० लाखांवर जाते, साखर तळाला लागते, लॅक्टेट चढते. दुसरी बॅग १० लाखांवर रमतगमत असते. तिसरी एखादी बॅग याहून मंद असेल तर तिच्यात नवे माध्यम घालणे म्हणजे पेशींना पातळ करणे, कारण टी पेशींना सोबत लागते. त्या एकमेकींना संकेत देत वाढतात. विरळ झाल्या की खंगतात. कागद मात्र तिघींना सारखेच वाढतो, आणि चौथा दिवस रविवारी आला तर कोणाची पाळी आहे यावरही बरेच अवलंबून राहते.

मोजायचे कशाने?

जुनी आणि अजूनही सर्वमान्य पद्धत सोपी आहे. नमुन्याच्या थेंबात ट्रायपॅन ब्ल्यू हा निळा रंग मिसळायचा आणि मोजणीच्या काचेवर पाहायचे. जिवंत पेशीचे आवरण शाबूत असते, ती रंग आत येऊ देत नाही आणि चमकदार दिसते. मेलेली निळी पडते. चौकटीतल्या चमकदार आणि निळ्या मोजल्या की ‘काउंट’ आणि ‘व्हायबिलिटी’ हाती येते. आता हे काम बहुतेक ठिकाणी यंत्र करते, पण नमुना काढावाच लागतो.

नमुना न काढता मोजण्याचे मार्ग चार-पाच आहेत. आम्लता आणि प्राणवायू मोजणारे प्रकाशीय ठिपके बॅगेच्या आतल्या बाजूला चिकटवलेले असतात आणि बाहेरून वाचले जातात. ही तंत्रे पक्की झाली आहेत. ग्लुकोज-लॅक्टेटचे विकरआधारित संवेदक मधुमेहींच्या मीटरचे भाऊबंद. त्यांची अडचण अशी की निर्जंतुकीकरणात विकर खराब होते आणि दिवसागणिक वाचन सरकत जाते.

तिसरा मार्ग विद्युतधारितेचा. विद्युतक्षेत्रात जिवंत पेशी छोट्या संधारित्रासारखी वागते, मेलेली वागत नाही. त्यामुळे फक्त जिवंतांचा हिशेब मिळतो. पण जागी झालेली टी पेशी आकारानेही फुगते. वाढलेला संकेत संख्येचा की आकाराचा, हे ओळखणे अवघड जाते.

चौथा मार्ग रामन वर्णपटाचा. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात शोधलेला प्रकाशाचा परिणाम आज जैवऔषधांच्या टाक्यांत साखर मोजतो. पाण्याचा संकेत क्षीण असल्याने पातळ माध्यमात तो उपयोगी पडतो, आणि एकाच वाचनात ग्लुकोज, लॅक्टेट, ग्लुटामाइन अशा अनेकांचा अंदाज देतो. मात्र हा अंदाज गणिती प्रतिमान देते, आणि त्या प्रतिमानाला आधी शिकवावे लागते. एका दात्याच्या पेशींवर शिकलेले प्रतिमान दुसऱ्यावर कितपत चालते, हे दर वेळी सिद्ध करावे लागते. उपकरण महागही आहे. पाचवा मार्ग होलोग्राफिक सूक्ष्मदर्शकाचा: पेशींना रंग न लावता त्यांचा आकार, जाडी, पोत टिपायचा आणि त्यावरून त्यांची अवस्था ओळखायची.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. पेशी किती आहेत आणि कशा वातावरणात आहेत, हे ही साधने कमी-अधिक सांगतात. पेशी कशा आहेत, शरीरात गेल्यावर किती टिकतील, हे त्यांतले एकही थेट सांगत नाही.

मोजल्यावर करायचे काय?

तळोजा, रसायनी, पाताळगंगेच्या कारखान्यांत पॅनेलवर बसलेल्या माणसाला ‘सेट पॉइंट’, ‘अलार्म’, ‘लूप’ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. पेशींच्या बाबतीतही नियंत्रणाच्या पायऱ्या तशाच आहेत.

पहिल्या पायरीवर वेळापत्रक असते. यंत्र स्वयंचलित असले तरी दिवस आणि माप आधी भरलेले. दुसऱ्या पायरीवर उंबरठा: ग्लुकोज अमुक पातळीखाली गेले की पंप सुरू करायचा किंवा लॅक्टेट अमुकवर गेले की माध्यम बदलायचे. तिसऱ्या पायरीवर भाकीत: गेल्या काही तासांच्या वाचनावरून पुढच्या तासांचा अंदाज बांधून आजच्या प्रवाहाचा वेग ठरवायचा. तेलशुद्धीकरण उद्योगात १९७० च्या दशकापासून रुळलेली ही रीत आहे. हल्ली बॅचची संगणकातली जुळी प्रतिकृती, ‘डिजिटल ट्विन’, याच कामासाठी बांधतात. चौथ्या पायरीवर स्वतः शिकत जाणारी प्रणाली, जी प्रत्येक बॅचनंतर आपले नियम बदलते.

‘अनुकूली’, म्हणजे पेशींच्या अवस्थेनुसार बदलणारे, नियंत्रण म्हणताना काही जण दुसरी पायरी धरतात, काही चौथी. बरेचसे मतभेद या एका शब्दाच्या सैलपणातून येतात. संकल्पना चालते, याचे एक जुने आणि स्वच्छ उदाहरण टोरंटोचे आहे. पीटर झँडस्ट्रा यांच्या गटाने २०१२ मध्ये नाळेच्या रक्तातल्या मूळपेशींवर काम केले. वाढणाऱ्या पेशी स्वतःच वाढ रोखणारे संकेत पाझरतात, हे हेरून त्यांनी ताजे माध्यम नियंत्रित वेगाने सोडत ते संकेत सतत पातळ ठेवले. बारा दिवसांत मूळपेशी अकरा पटींनी वाढल्या. इथे भरवणे म्हणजे पोट भरणे नव्हते. पेशींमधला संवाद कोणत्या पट्टीत ठेवायचा, ते ठरवणे होते.

चार भूमिका

*वेळापत्रकवादी.* त्यांचे म्हणणे: आजवर रुग्णांपर्यंत पोहोचलेल्या पहिल्या पिढीच्या उत्पादनांची प्रक्रिया मुख्यतः ठरीव आहे, आणि त्यांनी माणसे वाचवली आहेत. कागदावरची पद्धत तपासता येते, शिकवता येते, दुसऱ्या शहरात जशीच्या तशी उभी करता येते. संवेदक वाढले की बिघडणाऱ्या गोष्टी वाढतात. सरकलेल्या संवेदकाच्या सांगण्यावरून पंप रात्रभर चालत राहिला तर झालेले नुकसान उशिरा खायला मिळण्यापेक्षा मोठे. अनुभवी तंत्रज्ञ बॅगेतल्या माध्यमाचा रंग लालसरवरून पिवळट झालेला पाहूनच काय ते ओळखतो, हेही त्यांच्या बाजूने सांगितले जाते.

*अनुकूलनवादी.* त्यांचे उत्तर: कच्चा माल इतका बदलता असताना ठरीव प्रक्रिया म्हणजे बदलते औषध. अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या नोव्हार्टिसच्या किमराया या कार-टी औषधाच्या बाबतीत काही बॅचमध्ये जिवंत पेशींचे प्रमाण विक्रीसाठी ठरलेल्या ८० टक्क्यांच्या निकषाखाली भरले, आणि कंपनीला त्या अडचणीची जाहीर दखल घ्यावी लागली. चुकणारी बॅच तिसऱ्या दिवशीच ओळखू आली तर सावरता येते, दहाव्या दिवशी नाही. पेशी पुरेशा झाल्या की त्याच दिवशी बॅच थांबवता येते, मग रुग्णाचेही दिवस वाचतात. अनुभवी नजरेबद्दल ते म्हणतात, ती नजर रात्री दोन वाजता कामावर नसते आणि नोकरी बदलली की सोबत निघून जाते.

*रचनावादी.* ही मधली वाट. नियंत्रण सुधारण्यापेक्षा त्याची गरजच कमी करावी, असे ते मानतात. जी-रेक्स या साध्या भांड्याचा तळ वायू आरपार जाऊ देणाऱ्या सिलिकॉनचा असतो. पेशींना प्राणवायू खालून मिळतो, त्यामुळे वर माध्यमाचा उंच थर सुरुवातीलाच भरून ठेवता येतो. अन्न भरपूर, लॅक्टेट पातळ, ढवळणे नाही, पंप नाही. अनेक दिवस हात लावावा लागत नाही. टीकाकार म्हणतात, हात लावत नाही म्हणून आत काय चालले आहे हेही कळत नाही, आणि महागडे संकेत-रेणू मोठ्या आकारमानात मिसळावे लागतात.

*आखूड-पल्लेवाले.* ते प्रश्नालाच हात घालतात: इतके दिवस वाढवायचेच कशाला? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले की नऊ दिवसांऐवजी तीन ते पाच दिवसच वाढवलेल्या कार-टी पेशी उंदरांतल्या रक्ताच्या कर्करोगावर अधिक परिणामकारक ठरतात. नोव्हार्टिसच्या नव्या प्रक्रियेत प्रयोगशाळेतला काळ दोन दिवसांच्या आत आणला आहे. वाढ शरीरातच होऊ द्यायची, हा त्यामागचा विचार. त्याहून पुढची झेप म्हणजे जनुक थेट रुग्णाच्या शरीरात टी पेशींपर्यंत पोहोचवणे. मार्च २०२५ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने याच तंत्रावर काम करणारी एसोबायोटेक ही कंपनी घेण्याची घोषणा केली. हे साधले तर भरवण्याचा वादच काही आजारांपुरता मिटेल. पण गाठींच्या कर्करोगांसाठी काढल्या जाणाऱ्या पेशी किंवा एका दात्यापासून अनेकांना पुरतील अशा पेशी यांना मोठी संख्या लागते. तिथे वाढवण्याचा टप्पा राहणारच.

संख्या की गुण?

या चारही भूमिकांच्या मुळाशी एक प्रश्न आहे, आणि तो पेनिसिलीनच्या टाकीपाशी आपण पाहिला आहे. पेनसिल्व्हेनियातच २०१८ मध्ये दीर्घकालीन ल्युकेमियाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास झाला. ज्यांना गुण आला त्यांच्या पेशींत ‘स्मृती’ प्रकारची लक्षणे अधिक होती. ज्यांना आला नाही त्यांच्या पेशी साखरेवर भिस्त ठेवणाऱ्या आणि थकव्याकडे झुकलेल्या होत्या. त्याआधी, २०१३ मध्ये, उंदरांच्या टी पेशींना साखर जाळण्यापासून रोखले असता त्यांच्यातले स्मृतिपेशींचे गुण आणि गाठींशी लढण्याची ताकद वाढल्याचे दिसले होते. लॅक्टेटकडे सगळे कचरा म्हणून पाहतात. पण २०२२ च्या एका कामात आम्लता न वाढवता दिलेल्या लॅक्टेटने टी पेशींचा ‘मूळपणा’ वाढवल्याचे नोंदले गेले.

म्हणजे ‘ग्लुकोज कधीच कमी पडू देऊ नका, लॅक्टेट साचू देऊ नका’ हा सेट पॉइंट स्वयंसिद्ध नाही. संख्येसाठी तो बरोबर असेल. टिकाऊपणासाठी कदाचित बेताची भूकच हवी असेल. यंत्र सांगितलेली पातळी इमानाने राखील. कोणती पातळी सांगायची, याचे उत्तर जीवशास्त्राकडून अजून पूर्ण आलेले नाही. अनुकूलनवादी यावर म्हणतात की असे उत्तर शोधायलाच सतत मोजमाप हवे. वेळापत्रकवादी म्हणतात की उत्तर मिळेपर्यंत माहीत असलेली वाट सोडू नये. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

नियमांची चौकट

भारतात असे उपचार ‘नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९’ यांच्या कक्षेत येतात. जनुक-उपचारांसाठी त्याच वर्षीची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत. नियामकाला हवी असते पूर्वनिश्चिती: काय कराल ते आधी सांगा, तसेच केले हे नंतर दाखवा. उंबरठ्यावर चालणारी प्रणाली या चौकटीत बसते. माप बदलते, पण माप बदलण्याचा नियम ठरलेला असतो. स्वतः शिकणारी प्रणाली बसत नाही, कारण तिथे नियमच बदलतो.

युरोपने जुलै २०२५ मध्ये औषधनिर्मितीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी चर्चेला ठेवलेल्या मसुद्यात ही रेषा स्पष्ट ओढली. वापरात असताना न बदलणारी, त्याच माहितीवर तेच उत्तर देणारी प्रतिमाने चालतील. शिकत राहणारी प्रतिमाने रुग्णाच्या सुरक्षिततेशी थेट संबंध असलेल्या कामांत नकोत. त्यामुळे व्यवहारात मधला मार्ग दिसतो: प्रतिमान बंद दाराआड शिकवायचे, तपासून गोठवायचे आणि मग वापरायचे, सुधारायचे असेल तर पुन्हा मान्यतेच्या रांगेत उभे राहायचे. निर्णय यंत्राचा की सही करणाऱ्या माणसाचा, ही जबाबदारीची गाठ त्यानेही पूर्ण सुटत नाही.

आपल्याकडचा हिशेब

नेक्सकार१९ची किंमत सुरुवातीला ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात सांगितली गेली. किमराया अमेरिकेत आले तेव्हा ते ४ लाख ७५ हजार डॉलरला होते. ही तफावत कुठून आली, हे या वादात महत्त्वाचे आहे. जनुक वाहून नेणारा विषाणू इथेच बनवणे, देशातले मनुष्यबळ आणि महागडी स्वयंचलित यंत्रे टाळणे ही त्याची सांगितली गेलेली कारणे. म्हणजे नवी मुंबईतले औषध स्वस्त झाले ते हातांच्या कौशल्यावर.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने उलट वाट धरली. तिथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साथीने झालेल्या चाचणीत पेशी रुग्णालयातच, स्वयंचलित यंत्रात, सुमारे नऊ दिवसांत तयार केल्या गेल्या आणि खर्च परदेशी दरांच्या तुलनेत फार खाली आला. बंगळूरच्या इम्युनीलने बार्सिलोनाच्या रुग्णालयातून आलेले तंत्र घेऊन २०२५ मध्ये आपले उत्पादन बाजारात आणले. एकाच देशात मध्यवर्ती कारखाना आणि रुग्णालयातले यंत्र असे दोन्ही प्रयोग सुरू आहेत.

यातून निघणारा हिशेब सरळ नाही. वर्षाला थोड्या बॅच असतील तर कुशल तंत्रज्ञ यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. बॅच वाढल्या की क्लीनरूममध्ये माणसे वाढवावी लागतात. गाऊन चढवणे, उतरवणे, नोंदी, पाळ्या यांचा खर्च चढतो आणि चुकीची शक्यताही. तो बिंदू नेमका कुठे येतो, हे संवेदकाच्या किमतीवर अवलंबून आहे. रामन उपकरण प्रत्येक बॅगेला लावणे परवडणारे नाही. आम्लता-प्राणवायूचे ठिपके आणि त्यांवरून पेशींची संख्या अनुमानाने काढणारे गणित परवडू शकते. नवीन पनवेल-खारघर पट्ट्यातल्या महाविद्यालयांतून जैवतंत्रज्ञान शिकून बाहेर पडणाऱ्यांसाठीही हा प्रश्न पुस्तकी नाही. त्यांना मोजणीची काच हाताळता यायला हवी, की पंपाचा लूप जुळवता यायला हवा? बहुधा दोन्ही.

काय ठरायचे आहे

आढावा घेताना चार गोष्टी अनिर्णित दिसतात. एक, अनुकूली भरवण्याने पेशी जास्त मिळतात याचे पुरावे आहेत, पण त्यातले बहुतेक निरोगी दात्यांच्या पेशींवरचे. थकलेल्या, औषधांनी पोळलेल्या रुग्णांच्या पेशींवर आणि अखेर रुग्णाच्या आयुष्यावर त्याचा काय परिणाम होतो, हे दाखवण्याचे काम मोठे आहे. दोन, टिकाऊपणा सांगणारी, नमुना न काढता वाचता येणारी खूण कोणती? ती सापडेपर्यंत नियंत्रण सोप्या मोजमापांवरच चालेल. तीन, शिकणाऱ्या प्रतिमानाला शेकडो बॅचची माहिती लागते, आणि एकेका केंद्राकडे ती नसते. ती एकत्र कशी आणायची, रुग्णाची गोपनीयता आणि कंपनीचे गुपित सांभाळून? चार, उत्पादनाचा काळच आखडत गेला तर ही सगळी गुंतवणूक कोणत्या आजारांसाठी कामी येईल?

बाळाला घड्याळ पाहून पाजायचे की रडले की, हा वाद घराघरांत झाला आहे. तिथे निदान बाळ रडते. बॅगेतली पेशी रडत नाही. तिची भूक साखरेच्या आकड्यातून, आम्लतेच्या चढातून, माध्यमाच्या पिवळेपणातून ओळखावी लागते. ती ओळखण्याची साधने गेल्या वीस वर्षांत पुष्कळ सुधारली. तिला किती भुकेले ठेवलेले बरे, याचे उत्तर मात्र पिंपरीच्या टाक्यांवरच्या माणसांना बुरशीबद्दल जितके खात्रीने देता येत होते, तितके टी पेशींबद्दल आज कोणालाच देता येत नाही.